रिकाम्या चर्चला टाळ्या: व्याख्यानमालांच्या संयोजकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या समस्त व्याख्यानमालांच्या संयोजकांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची नागपूरची. हिस्लॉप कॉलेजात शिकले, आता नोकरी-संसार एडिंबरात. सुट्टी मिळते ती एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन तुमच्या हंगामात. व्याख्यानं ऐकायची सवय घरातूनच लागलेली, त्यामुळे आले की एखादी तरी व्याख्यानमाला गाठतेच. गेली काही वर्षं तुमच्या पत्रिकेत एक विषय हमखास असतो. शीर्षकात कधी युरोपची धर्मशून्यता असते, कधी पश्चिमेचा ऱ्हास. वक्ते वेगळे, मजकूर एकच. तिकडे चर्चं ओस पडली, विकायला निघाली, त्यांचे पब झाले. गोऱ्या माणसाचा स्वतःच्या धर्मावरचा विश्वास उडाला आणि आता तो आपल्याकडे आशेने बघतो आहे. या शेवटच्या वाक्याला टाळ्या ठरलेल्या.

यंदा एका गावात (नाव लिहीत नाही, संयोजक सज्जन आहेत आणि चहाही उत्तम होता) मी चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवला: चर्च सोडलेली माणसं नेमकी गेली कुठे? सूत्रसंचालकांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. तेव्हा आता उत्तर मीच लिहून पाठवते.

आधी, वक्ते खरं सांगतात तेवढं मान्य करू. मी स्कॉटलंडपुरतंच बोलेन, कारण तिथे राहते. २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ५१.१ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ या रकान्यात खूण केली. २०११मध्ये हा आकडा ३६.७ होता. चर्च ऑफ स्कॉटलंड हे तिथलं राष्ट्रीय चर्च, लोक त्याला नुसतं ‘कर्क’ म्हणतात. त्याचं नाव लावणारे या अकरा वर्षांत ३२.४ टक्क्यांवरून २०.४ टक्क्यांवर आले. नाव लावणं वेगळं आणि सभासद असणं वेगळं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर कर्कचे सभासद १३ लाखांच्या वर होते, २०२३च्या अखेरीस २ लाख ६० हजारांच्या आत. रविवारी प्रत्यक्ष बाकावर येऊन बसणारे त्याहून कितीतरी कमी. २०२१पासून प्रत्येक विभागाला आपापल्या इमारतींची यादी करून कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवावं लागतंय. विक्रीच्या जाहिराती कोणीही बघू शकतो: दगडी बांधकाम, रंगीत काचा, छप्पर दुरुस्तीला आलेलं. ग्लासगोत एका जुन्या चर्चमध्ये ‘ओरान मोर’ नावाचा पब आहे, दुसऱ्यात दोर बांधून भिंत चढायचा सराव चालतो. इथपर्यंत वक्त्यांचं सगळं बरोबर.

घोळ पुढच्या वाक्यात आहे. ते ५१ टक्के आपल्याकडे आलेले नाहीत. स्कॉटलंडमध्ये हिंदू म्हणून नोंद झालेले लोक एक टक्काही भरत नाहीत, आणि त्यातले बहुतेक माझ्यासारखे, बॅगेत कुकर, गोडा मसाला आणि पितळी अन्नपूर्णा घेऊन विमानातून उतरलेले. योगाचे वर्ग मात्र जोरात चालतात, पुष्कळदा चर्चच्याच हॉलमध्ये. बायका चटई बगलेत मारून येतात, शवासन करतात, पाठदुखी कमी झाली म्हणतात आणि घरी जातात. त्यांच्यातली एकही बाई पतंजलीची चौकशी करताना मी पाहिलेली नाही. लग्नाला भटजी शोधत नाहीत. पाळकाऐवजी ह्युमॅनिस्ट, म्हणजे देवाधर्माशिवाय विधी करणारी व्यक्ती बोलावतात. अशा लग्नांना तिथे २००५मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली आणि आज त्यांची संख्या कर्कच्या लग्नांच्या कितीतरी पुढे आहे. त्या रकान्यातले सगळे नास्तिक आहेत असंही समजू नका. बरेच जण देव असेलही म्हणतात. फक्त त्याच्याशी रविवारचं काही काम उरलेलं नाही.

मग हे झालं कसं? तुमच्या वक्त्यांकडे दोन तयार कारणं असतात: विज्ञानाने बायबल खोटं पाडलं, आणि पाद्र्यांची लफडी बाहेर आली. दुसऱ्यात तथ्य आहे, आयर्लंडमध्ये तर फार. पण स्कॉटलंडमधली चर्चं एवढ्याने रिकामी झाली नाहीत. एक कारण तर निव्वळ बांधकामाचं आहे. ती पहिल्यापासून गरजेपेक्षा जास्त होती.

१८४३च्या मे महिन्यात एडिंबरात कर्कची जनरल असेंब्ली, म्हणजे वार्षिक महासभा भरली. वाद जुना होता: गावचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी? साडेचारशेच्या आसपास पाळक घर आणि पगारावर पाणी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ उभं केलं. नुसतं नावाला नाही, विटा-दगडांनी उभं केलं. पहिल्या चार-पाच वर्षांतच ७००च्या वर नवी चर्चं बांधली, कितीतरी गावांत जुन्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. त्याआधी फुटलेल्यांची वेगळी होतीच. पुढे १९२९मध्ये बहुतेक जण पुन्हा एकत्र आले, इमारती तशाच राहिल्या. भाऊबंदकीत वाड्याला लागून वाडा बांधायचा आणि नातवंडांनी समेट केल्यावर दोन्ही वाड्यांची कौलं शाकारत बसायचं, तशी गत. आज विक्रीला निघालेल्या चर्चांपैकी बरीच या भांडणाची शिल्लक आहे. श्रद्धेचं माप त्यांच्या संख्येवरून काढायचं तर १८५०च्या सुमारासही ते चुकलंच असतं.

आणि हे भांडण आपल्यालाही परकं नाही. माझ्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपुरात आले ते याच फुटून निघालेल्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३मध्ये तीच बाजू घेतली आणि त्यापायी शाळेच्या इमारतीवर पाणी सोडलं. हिस्लॉप शिकवता शिकवता नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करत. एका खनिजाला त्यांचं नाव आहे. १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. कॉलेजात असताना यातलं आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. फाटकावर नाव होतं, तेवढंच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. एके काळी गावात कर्क म्हणजेच सरकार. गरिबाला धान्य द्यायचं तर कर्क, पोराला अक्षर शिकवायचं तर कर्क, आणि कोण कोणाबरोबर दिसलं यावर पाळतही कर्कचीच. कवी रॉबर्ट बर्न्सला १७८६मध्ये मॉखलिनच्या चर्चमध्ये सगळ्या गावादेखत कानउघाडणी ऐकावी लागली, कारण लग्नाआधीच बाई गरोदर राहिली होती. मग एकेक खातं सरकारकडे गेलं. १८४५च्या कायद्याने गरिबांची मदत गेली, १८७२च्या कायद्याने शाळा गेल्या, १९४८मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली. यात कोणी कोणाला हरवलं नाही, आणि लोक या बदलावर खूशच होते. कर्ककडे उरला रविवार. तोही पुढे फुटबॉलने, दुकानांनी आणि उशिरा उठण्याने खाल्ला.

स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुइस बेटावर तो सगळ्यात जास्त टिकला. तिथे रविवारी कोणी दोरीवर कपडे वाळत घालत नसे, बागेतल्या झोपाळ्यांनाही कुलपं असत. तिथल्या स्टॉर्नोवे बंदरातून रविवारी बोट सुटायला लागली ती २००९च्या जुलैत, आणि तिथलं टेस्को हे सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं ते २०२४च्या नोव्हेंबरात. तुमचे वक्ते म्हणतात की आपला धर्म ही जीवनपद्धती आहे, त्यामुळे आपल्याकडे असं होणार नाही. कपडे कोणत्या दिवशी वाळत घालायचे हे सांगणारा धर्म जीवनपद्धती नसेल तर मग जीवनपद्धती म्हणजे काय, हे एकदा त्यांना विचारा.

आता खरी गंमत ऐका. कर्कची सभासदसंख्या शिखरावर होती ती १८५०मध्ये नाही, १९५०च्या दशकात. १९५५मध्ये अमेरिकेचे बिली ग्रॅहम ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये सहा आठवडे प्रवचनं देत होते आणि माणसं तुडुंब भरत होती. त्यानंतर दोनेक वर्षांत उतार सुरू झाला तो आजतागायत. आणि ज्या ख्रिसमसला जुने कडवे प्रेस्बिटेरियन (म्हणजे कर्कच्याच परंपरेतले) रोमन थेर म्हणून नाकं मुरडत, तो स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला १९५८मध्ये! सण वाढला आणि चर्च घटलं, दोन्ही एकाच सुमारास. आपल्या गल्लीतल्या डीजेकडे बघत हे वाक्य वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझ्या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. कर्कच्या एल्डर, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या भाषेत ‘वडील’. रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दानाची पाकिटं पसरलेली असतात. प्रत्येक सभासदाला वर्षभराची पाकिटं मिळतात, त्यावर त्याचा क्रमांक छापलेला. त्या पाकीट फोडतात, वहीत क्रमांकासमोर रक्कम लिहितात, नाण्यांच्या चळती लावतात. लहान क्रमांक म्हणजे जुने सभासद. त्या वहीत पहिल्या दोन पानांवर जवळपास काहीच भरायचं नसतं, कारण ती माणसं आता दफनभूमीत आहेत. ‘सोळा नंबरची अजून येते,’ असं त्या मला एकदा कौतुकाने म्हणाल्या. सोळा नंबरची म्हणजे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण.

त्यांना तीन मुलं. तिघांचे बाप्तिस्मे झाले, तिघं बाराव्या वर्षापर्यंत संडे स्कूलला गेली. एकानेही देवाशी भांडण काढलेलं नाही, डार्विन वाचून कोणी बंड केलेलं नाही. येईनाशी झाली, इतकंच. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, ‘आम्हाला ढकलून नेत असत. मी ठरवलं होतं, माझ्या मुलांना ढकलायचं नाही.’ मुलांनी मग त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मेच केले नाहीत. नातवंडं आजोबांच्या अंत्यविधीला आली तेव्हा कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं हे शेजारच्या बाकाकडे बघून ठरवत होती. पन्नास-साठ वर्षांची सगळी समाजशास्त्रीय चर्चा मला त्या एका उत्तरात सापडली. विश्वास उडाला असं म्हणायला आधी कोणीतरी तो घट्ट धरलेला असावा लागतो. इथे एका पिढीने सौजन्य म्हणून हात सैल सोडला आणि पुढच्या पिढीला हातात काही होतं हेच कळलं नाही.

इंग्लंड-वेल्समध्येही २०२१च्या जनगणनेत ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आले, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याखाली. अमेरिकेत प्यू संस्थेच्या पाहणीत २००७मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४मध्ये ६२. मात्र तिथली घसरण गेली काही वर्षं थबकल्यासारखी दिसते, आणि हे तुमचा वक्ता सांगत नाही. प्रत्येक देशाची गोष्ट वेगळी आहे. एका तासात ‘पश्चिम’ उरकणाऱ्याकडून ती ऐकायला मिळणार नाही.

विकलेल्या इमारतींचं काय होतं, यावरही थोडं. एडिंबराच्या लीथ बंदरभागात सेंट अँड्र्यू प्लेस नावाच्या रस्त्यावर दर्शनी दगडी खांबांचं एक जुनं चर्च आहे. तेच आमचं हिंदू मंदिर. तिथून थोड्या अंतरावर शेरिफ ब्रे इथे सेंट थॉमस चर्च होतं, १९७०च्या दशकात त्याचा गुरुद्वारा झाला. ते चर्च १८४०च्या सुमारास सर जॉन ग्लॅडस्टन यांच्या पैशातून बांधलेलं. हे पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील, जन्माने लीथचे. डेमेरारात (दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात) त्यांचे उसाचे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत. गुलामी संपल्यावर मळ्यांना माणसं हवी म्हणून त्यांनी भारताकडे मागणी केली, आणि १८३८मध्ये कलकत्त्याहून सुमारे ४०० गिरमिटिया मजुरांना घेऊन दोन जहाजं ब्रिटिश गयानाला गेली. भारतातून कॅरिबियनकडे मजूर नेण्याची ती सुरुवात. ज्या माणसाने आपली माणसं बोटीत भरली, त्याच्या पैशाने बांधलेल्या छपराखाली आज पंजाबी बायका लंगरच्या पोळ्या लाटतात. याला टाळ्या वाजवायच्या असतील तर मी पण वाजवीन. फक्त यात श्रेय कोणत्याही धर्माच्या श्रेष्ठत्वाचं नाही. भाडं, बंदरातली नोकरी, विकणाऱ्याची अडचण आणि घेणाऱ्यांची वर्गणी, एवढ्यावर ते घडलेलं आहे.

आणि हॉल! परदेशातली महाराष्ट्र मंडळं कशावर चालतात हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का? चर्चच्या हॉलवर. मराठी शाळा, दिवाळीचा फराळ, नाटकाच्या तालमी, सगळं तासाच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. भाडं परवडणारं, स्वयंपाकघर मोठं, खुर्च्या रचायला चाकांची गाडी. आम्ही ‘सुखकर्ता’ म्हणतो तेव्हा भिंतीवर संडे स्कूलच्या पोरांनी रंगवलेलं नोहाचं तारू असतं. त्याच हॉलमध्ये सोमवारी बाळांचा गट, मंगळवारी रक्तदान, निवडणुकीला मतदान, कोपऱ्यात फूड बँकेचा खोका. चर्च विकलं की हॉलही जातो. मग शेजारच्या बाईंच्या प्रार्थनेची सोय पुढच्या गावात होते. आमच्या शाळेची होत नाही. तुम्ही टाळ्या वाजवता तेव्हा इथे आम्ही तासाला दुप्पट भाड्याचं कम्युनिटी सेंटर शोधत असतो.

चर्चं भरतायत तीही बघा. केरळच्या परिचारिका, नायजेरियातून आलेली कुटुंबं, पोलिश कामगार यांच्या उपासनेला उभं राहायला जागा नसते. जगात आज युरोपपेक्षा जास्त ख्रिस्ती सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. ‘ख्रिस्ती धर्म संपत चालला’ हे वाक्य नायजेरियातल्या लागोसमध्ये म्हणून दाखवा.

व्याख्यानात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. वक्ते ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्या माणसाची मालमत्ता असं धरून बोलत होते. समोर तिसऱ्या रांगेत गावातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे दोघे-तिघे बसले होते, वर्गणी देणारे, दर वर्षी येणारे. टाळ्या पडल्या तेव्हा ते पत्रिका वाचत बसले. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाबा पदमनजी, रेव्हरंड नारायण वामन टिळक या ख्रिस्ती लेखकांची मराठी आपण अभिमानाने आपली म्हणतो. टिळकांचे अभंग आजही मराठी उपासनेत म्हटले जातात. स्कॉटलंडमधलं मूळ चर्च उद्या पार बंद झालं तरी नागपुरातली, जालन्यातली मंडळी आपल्या पायावर उभी आहे, तिची वर्गणी एडिंबराहून येत नाही. तिच्या घरातही मुलं रविवारी झोपतात का, याचं उत्तर तिच्याकडेच आहे.

म्हणून विनंती. हा विषय ठेवायचाच असेल तर वक्त्याकडून आकडे आधी लेखी मागवा, कोणत्या देशाचे आणि कोणत्या वर्षाचे ते विचारा. चिठ्ठ्यांची पद्धत बंद करून श्रोत्यांच्या हातात वीस मिनिटं माईक द्या. आणि त्याच मंचावर आपल्या गावच्या मंडळीतल्या एखाद्या पाळकबाईंना, वडिलांना किंवा वसईच्या एखाद्या फादरना बोलवा. दोन दिवसांनी, वेगळ्या ‘सर्वधर्मसमभाव’ सत्रात नको. त्याच संध्याकाळी, त्याच विषयावर, तेवढाच वेळ देऊन. वक्ते हो म्हणतील की नाही हे तुम्हाला एका फोनवर कळेल. जे नाही म्हणतील त्यांचं मानधन वाचेल, ते हॉलच्या पंख्यांना लावा. यंदा तीन बंद होते.

पुढच्या वर्षीच्या पत्रिका डिसेंबर-जानेवारीत छापायला जातात याची कल्पना आहे, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित श्रोती
एडिंबरा (मूळ गाव नागपूर)